मालकीचे अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाचोडला आमच्या जुन्या घरात तांब्याची एक घागर होती. आजीच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेली. घागरीच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे ठोकलेली होती. आधी आजीचे नाव, नावापुढे 'हिस', आणि मग 'मामांकडून भेट'. पाटीवर अक्षरे गिरवायच्या वयात मी त्या घागरीवरूनही बोट फिरवीत असे. 'हिस' म्हणजे काय, असे विचारल्यावर आजी हसून म्हणायची, "हिस म्हणजे मला."

आजी गेली आणि पुढे घरात वाटणी झाली. शेताचे ठरले, बैलांचे ठरले, विहिरीच्या पाळ्याही ठरल्या. अडले ते भांड्यांपाशी. चुलत्यांचे म्हणणे असे, की घागर या घरात आली तेव्हाच ती घराची झाली. आत्या दाराशी बसून होती, ती काहीच बोलत नव्हती. मध्यस्थीला गावातले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी घागर उजेडात धरली, अक्षरे लावून लावून वाचली आणि म्हणाले, "इथं 'स' आहे. हिस दिली म्हणजे हिची झाली. हिची ती हिच्या लेकीची." त्यावर कोणी वाद घातला नाही. घागर आत्याच्या घरी गेली.

पुढे मी सारे आयुष्य मराठी शिकवण्यात घालवले. विभक्तीचे तक्ते फळ्यावर किती वेळा लिहिले त्याची गणती नाही. 'स, ला, ते' आणि 'चा, ची, चे' मुलांकडून घोकून घेतले. पण ज्या 'स'ने आमच्या घरातला तंटा मिटवला, त्याची कुळकथा मला फार उशिरा समजली. ती दोन हजार वर्षांची आहे, आणि ती सांगायला पैठण तालुक्याबाहेर फारसे जावेही लागत नाही. आज तीच सांगणार आहे.

आमचे पाचोड धुळे-सोलापूर रस्त्यावरचे, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. तालुका पैठण. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. सातवाहन राजांची नाणी आपल्यापैकी काहींनी संग्रहालयात पाहिली असतील. त्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मजकूर असतो. यज्ञ सातकर्णीच्या नाण्यावर आहे : 'रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस'. पुळुमावीच्या नाण्यावर आहे : 'रञो वासिठिपुतस सिरि पुळुमाविस'. आपण सहज वाचून जातो, की हा यज्ञ सातकर्णी राजा, हा पुळुमावी राजा. पण नीट पाहिले तर नाण्यावर राजाचे नाव नाहीच. नाव 'पुळुमावि', आणि नाण्यावर आहे 'पुळुमाविस', म्हणजे 'पुळुमावीचे'. 'रञो' म्हणजे राजाचे. 'वासिठिपुतस' म्हणजे वासिष्ठीच्या मुलाचे. सगळीच्या सगळी षष्ठी. राजाचे काय, ते लिहिलेले नाही. ते लिहायची गरजही नव्हती, कारण ते हातातच होते. हे नाणे राजाचे.

ही रीत एकट्या सातवाहनांची नव्हती. वायव्येकडच्या ग्रीक राजांनी आपल्या नाण्यांवर ग्रीक भाषेत 'बासिलेओस' असे लिहिले, म्हणजे 'राजाचे'. मिनँडरच्या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनद्रस' आहे. तोच 'स'. संस्कृतातला 'स्य' म्हणजे देवस्य, रामस्य यातला प्रत्यय. प्राकृतात तो 'स्स' झाला. त्या काळच्या लिपीत जोडाक्षरातले दुहेरीपण बहुधा लिहीत नसत, म्हणून नाण्यावर एकटा 'स' दिसतो.

या 'स'ची एक मोठी लढाई नाशिक जिल्ह्यात सापडली. १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव झाल्यावर नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावरच नवी अक्षरे उठवली. खाली 'नहपानस', वर 'सातकणिस'. एका षष्ठीवर दुसरी षष्ठी. मालक बदलला तो एवढ्या अक्षरांत, पण खालचा जुना ठसा पुरता बुजला नाही. कित्येक नाण्यांवर तो आजही वाचता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या भाषेनेही पुढे नेमके हेच केले आहे.

राजेलोकांची नाणी बाजूला ठेवू. साध्या माणसांची अक्षरे पाहायची तर कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याला जावे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, दरीत उतरून गेल्यावर ही लेणी लागतात. ती इसवी सनापूर्वीची आहेत. तिथल्या चैत्यगृहातल्या खांबावर एक ओळ आहे : 'पतिठाणा मितदेवस गाधिकस कुलस थभो दानं'. अर्थ असा, की पैठणहून आलेल्या मितदेव गंध्याच्या कुळाचे हे खांबाचे दान. गंधी म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा व्यापारी. दुसऱ्या एका खांबावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचे दान कोरले आहे, तिथे शब्द आहेत 'संघकस पुतान', संघकाच्या मुलांचे. पैठणचा व्यापारी एवढ्या दूर डोंगरात गेला, खांबाचा खर्च केला आणि आपल्या नावाला तो 'स' लावून आला. आपल्या आजी-आजोबांनी भांड्यांवर नावे घालून घेतली ती काही नवी हौस नव्हती.

याच लेण्यांत एका यक्षाची मूर्ती उत्खननात मिळाली. तिच्या हातावर कोरले आहे, की ही कण्हदास सोनाराने केली. तिथे मात्र 'स' नाही. तिथे शब्द आहे 'कण्हदासेन'. देणाऱ्याला षष्ठी आणि घडवणाऱ्याला तृतीया. मितदेवाचे दान, कण्हदासाने केले. हा भेद तेव्हाही चोख पाळलेला आहे आणि आपण आजही बोलताना तो चुकत नाही.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. पितळखोऱ्यातला 'स' देणाऱ्याच्या नावाला लागला आहे. आमच्या घागरीवरचा 'स' घेणारीच्या नावाला होता. मग हे एकच अक्षर कसे?

त्याचे उत्तर प्राकृतात आहे. संस्कृतात देण्यासाठी चतुर्थी आणि मालकीसाठी षष्ठी, अशी दोन वेगळी रूपे होती. देवाय, देवस्य. प्राकृत बोलणाऱ्यांनी चतुर्थी जवळजवळ सोडून दिली आणि तिचे काम षष्ठीवर टाकले. प्राकृताच्या व्याकरणकारांनी हा नियमच सांगून ठेवला आहे. म्हणजे 'देवस्स' याचा अर्थ 'देवाचा' असाही होऊ लागला आणि 'देवाला' असाही. व्यवहाराने पाहिले तर यात काही वावगे नाही. ज्याला दिले, त्याचे ते झाले. आमच्या गावच्या गृहस्थांनी त्या दिवशी केलेला निवाडा, 'हिस दिली म्हणजे हिची झाली', हाच प्राकृत भाषेने दोन हजार वर्षांपूर्वी केलेला होता. त्यांनी प्राकृताचे पुस्तक कधी हातात धरले नसेल.

याचा पुरावा आपल्या तोंडी रोज असतो. 'मज' म्हणजे मला आणि 'माझा' म्हणजे माझ्या मालकीचा. हे दोन्ही शब्द एकाच प्राकृत 'मज्झ' पासून आले, आणि 'मज्झ' हे संस्कृत 'मह्यम्' चे रूप. मुळात अर्थ फक्त 'मला'. तसेच 'तुज' आणि 'तुझा'. म्हणून तर आपण 'मीचा' म्हणत नाही आणि 'तूचा' म्हणत नाही. इथे जुनेच रूप तगून राहिले.

पुढे 'स'चे काय झाले? अनेक अभ्यासकांच्या मते 'रामास', 'देवास' यातला आपला 'स' हाच. म्हणजे त्याच्याकडे 'देण्याचे' काम राहिले आणि 'मालकीचे' काम हळूहळू सुटले. बोलण्यात त्याची जागा 'ला'ने घेतली. पण कागदावर तो अजून आहे. अर्जाच्या डोक्यावर आपण 'माननीय तहसीलदार साहेब यांस' लिहितो. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'यांस' लिहितो. सातवाहनांच्या टांकसाळीतले हे अक्षर तहसील कचेरीत अजून चालते.

मालकीच्या रूपाची गोष्ट याहून सुरस आहे. 'देवस्स' हे रूप झिजत झिजत 'देवास', 'देवाह' आणि शेवटी नुसते 'देवा' एवढेच उरले. अनेकवचनात 'देवानाम्' चे 'देवाणं' झाले आणि तेही झिजून 'देवां' झाले. स्त्रीलिंगी 'माला' याचे प्राकृतात 'मालाए' होत असे, त्याचे 'माळे' झाले. ही रूपे ओळखीची वाटतात ना? देवा, देवां, माळे. शाळेत आपण ज्याला 'सामान्यरूप' म्हणून शिकतो, तेच हे. देवाने, देवांना, माळेत. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द थोडा वाकतो आणि मग प्रत्यय घेतो. तो का वाकतो, असे मुले विचारत आणि मी सांगत असे, नियम आहे. खरे उत्तर असे, की तो वाक म्हणजे जुनी षष्ठीच आहे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीवरच्या ग्रंथात हे सविस्तर दाखवले आहे. पितळखोऱ्यात 'पुतान' या शब्दात जो 'न' आहे, तोच आज 'मुलांचे' या शब्दात 'ला' वर टिंब होऊन बसला आहे. पुष्कळ जण लिहिताना ते टिंब गाळतात. गाळताना आपण काय गाळतो, ते एवढ्यासाठी सांगितले.

पण नुसते 'देवा' म्हटल्यावर 'देवाचा' हे कळेना. अक्षर झिजले, मालकी पुसट झाली. तेव्हा भाषेने नवा प्रत्यय आणला, तो 'चा'.

हा 'चा' कुठून आला, यावर पंडितांत मतभेद आहेत. कोणी त्याचा संबंध संस्कृत 'कृत्य' शब्दाशी जोडतात. मला पटते ते दुसरे मत. संस्कृतात 'त्य' नावाचा एक प्रत्यय आहे. दक्षिणेकडचा तो दाक्षिणात्य, पश्चिमेकडचा तो पाश्चात्त्य, तिथला तो तत्रत्य. प्राकृतात 'त्य' चा 'च्च' होतो, जसे सत्य चे सच्च. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात 'आमचे' या अर्थी 'अम्हेच्चय' आणि 'तुमचे' या अर्थी 'तुम्हेच्चय' ही रूपे नोंदलेली आहेत. 'च्च' मधला एक च गळाला की 'आमचे' आणि 'तुमचे' आपल्यासमोर उभे राहतात.

या मताला आपल्या बोलण्यातही आधार आहे. आपण 'कालचा पाऊस' म्हणतो. पाऊस काही कालच्या मालकीचा नसतो. 'वरचा मजला', 'आजचा पेपर', 'पाचोडचा बाजार'. इथे 'चा' मालकी सांगत नाही, तो ठिकाण किंवा वेळ सांगतो, अगदी 'दाक्षिणात्य' सारखा. आणि आणखी एक गंमत. 'चा' लागताना 'पाचोड' वाकत नाही. 'पाचोडाचा' असे कोणी म्हणत नाही, पैठणचा, बीडचा असेच म्हणतात. पण माणूस मालक असला, की शब्द वाकलाच पाहिजे. रामाचा, पाटलाचा, मुलांचा. तिथे खाली जुनी षष्ठी आहे आणि तिच्यावर 'चा' ठोकलेला आहे. जोगलटेंभीचे नाणे आठवा. खाली नहपान, वर सातकर्णी. 'मुलांचा' या एका शब्दात दोन मालक्या एकावर एक उमटल्या आहेत आणि खालची पुरती पुसलेली नाही.

हा 'चा' दगडावर पाहायचा असेल तर पितळखोऱ्याचा डोंगर उतरून पलीकडे चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीला जावे. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख. बराचसा संस्कृतात आहे, पण बाजारातल्या करातला कोणता वाटा मठाला द्यायचा, हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिणारा मराठीत उतरला. पेठेत जो माल विकला जाईल 'तेहाचा' राजाचा भाग मठाला दिला, असे तो म्हणतो. 'तेहाचा' म्हणजे त्याचा. स्तुती संस्कृतात आणि कुणाचे पैसे कुणाला ते मराठीत. व्यवहाराच्या गोष्टी लोकांच्या भाषेत लिहिल्या, म्हणजे पुढे तंटा होत नाही.

त्याच शतकात महानुभावांनी हीच भूमिका धर्माच्या बाबतीत घेतली. पैठणला चक्रधरस्वामींचे वास्तव्य झाले होते. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापाशी पंडित शिष्यांनी संस्कृतात लिहिण्याची गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली. ग्रंथ संस्कृतात गेला तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, अशी त्यांना काळजी होती. आणि त्या पंडितांची संस्कृत ज्या शब्दांत त्यांनी बाजूला सारली, ते होते 'अस्मात्' आणि 'कस्मात्'. दोन्ही विभक्तीचीच रूपे! सामान्य माणसाला परकी भाषा अडते ती बहुधा अशा प्रत्ययांपाशीच, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी हेलसिंकीला असतो. फिनलंडची भाषा शिकताना मेटाकुटीला येऊन त्याने फोन केला. म्हणाला, "सर, इथे घराला 'तालो' म्हणतात. पण माझे घर म्हटले की 'तालोनी', तुझे घर 'तालोसी', आमचे घर 'तालोम्मे'. मालकाऐवजी वस्तूच रूप बदलते! आणि मालकाचेही सुटत नाही. पेक्का नावाच्या माणसाचे घर म्हणजे 'पेकन तालो', त्यात एक 'क' गळतो. रस्ता म्हणजे 'कातू', पण रस्त्याचे म्हणताना 'कादुन', त्या 'त'चा 'द' होतो."

मी त्याला म्हटले, "अरे, तू 'घोडा'चे 'घोड्याचा' करतोस आणि 'भाऊ'चे 'भावाचा' करतोस, तेव्हा तुला काही वाटत नाही. शिवाय आपल्याकडे वस्तूचा मान फार मोठा. रामाचा बैल, रामाची गाय, रामाचे वासरू. मालक एकच राम, पण वस्तूचे लिंग पाहून प्रत्ययाला कपडे बदलावे लागतात. फिनलंडचा माणूस मराठी शिकायला बसला तर तोही असाच फोन करील."

नंतर विचार करताना लक्षात आले, की वस्तूवर खूण करण्याची रीतही आपल्याला अगदी अनोळखी नाही. फारसी भाषेत मालकी दाखवताना वस्तूच्या शब्दाला 'ए' जोडतात. शतकानुशतके दप्तरे फारसीच्या प्रभावाखाली होती. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या कागदांत 'मौजे', 'परगणे', 'किल्ले' असे शब्द गावाच्या किंवा गडाच्या नावाआधी येतात, त्यातला 'ए' हा फारसीचा तो दुवा मानला जातो. आणि सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी आपली मुद्रा संस्कृतात केली, तेव्हा तिच्यावर नाव कोरले ते 'शिवस्य'. पुन्हा षष्ठी. सातवाहनांचा 'स' आपल्या मूळ रूपात राजमुद्रेवर परत आला.

सातवाहनांच्या नाण्यांवरची आणखी एक गोष्ट राहिली. गोतमिपुतस, वासिठिपुतस. राजा आपली ओळख सांगताना 'गौतमीच्या मुलाचे', 'वासिष्ठीच्या मुलाचे' अशी आईवरून सांगतो. मालकीच्या शिक्क्यात आईचे नाव आहे. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. त्यावर उलटसुलट बोलले गेले, नवे काहीतरी आले असे पुष्कळांना वाटले. पैठणच्या माणसाला ते नवे वाटायचे कारण नाही.

माझ्या आजीला कधी सातबारावर नाव मिळाले नाही. तिच्या नावाने सरकारी कागद बहुधा एकही नसेल. तिची मालकी जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, त्या घागरीच्या गळ्यावर, आणि तीही एका अक्षरात. ते अक्षर वाचता येणारा एक माणूस त्या दिवशी तिथे होता म्हणून ती टिकली. व्याकरण कशाला शिकायचे, असे मुले विचारतात तेव्हा मला तो माणूस आठवतो. कोणाचे काय आणि कोणाला काय, हे ज्याला नीट वाचता येत नाही, त्याचे हातचे जायला वेळ लागत नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या नातीचे लग्न झाले. मी तिच्यासाठी पितळी डबा घेतला. दुकानातला मुलगा यंत्राने भराभर नावे घालतो. त्याने मुलीचे नाव घातले, यंत्र थांबवले आणि विचारले, "सर, नावापुढे काय टाकू? 'ला' टाकू?"

मी म्हटले, "नको. 'हिस' टाक. आणि 'स' जरा खोल उठव."